ताटाची डावी बाजू

मराठी ताट वाढण्याची एक रीत आहे. वर मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये भात किंवा पोळी. ज्यांनी ही रीत घालून दिली त्यांच्या मनात काय होते ते कोण सांगणार? पण परिणाम असा झाला की आपल्या जेवणात जे काही कच्चे असते ते बहुतेक डाव्या बाजूला आले, आणि डावी बाजू ही चवीपुरती असते. दोन चमचे कोशिंबीर, कांद्याची एक चकती, मुळ्याच्या दोन फोडी. पोट भरायचे ते शिजलेल्या अन्नाने.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ही डावी बाजू हळूहळू उजवीकडे सरकत आली आहे. रात्रीच्या जेवणाऐवजी वाडगाभर सॅलड खाणारी माणसे आता घरोघरी दिसतात. सकाळी बागेतून फिरून आलेले काका दाराबाहेरच्या गाडीवर दुधी-कारल्याचा रस उभ्याउभ्या पितात, व्यायामशाळेतला मुलगा कच्ची अंडी फोडून घशाखाली सोडतो, सूनबाई मोड आलेले मूग-मटकी डब्यात नेते. यात नावे ठेवण्यासारखे काही नाही. तळलेल्या वड्यापेक्षा काकडी केव्हाही बरी. पण ‘कच्चे म्हणजे नैसर्गिक आणि नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे समीकरण मात्र कोणी तपासून पाहिलेले नाही. ते तपासण्याची वेळ पुण्यावर जानेवारी २०२५ मध्ये आली.

वाचकांना तो महिना आठवत असेल. सिंहगड रस्त्याचा परिसर, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांतून एकामागून एक रुग्ण रुग्णालयांत दाखल होऊ लागले. आधी जुलाब, मग आठ-पंधरा दिवसांनी पायांत मुंग्या, मग चालता येईना, काहींना श्वासही घेता येईना. गुइलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, हे तोंड वेडेवाकडे करणारे नाव आठवड्याभरात सगळ्या शहराच्या ओठांवर आले. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेच्या वर गेली. अनेकांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले, काही दगावले. कित्येक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस.

हा कॅम्पिलोबॅक्टर काही नवा पाहुणा नाही. कोंबड्यांच्या आतड्यांत तो सुखाने राहतो, त्यांना त्याचा फारसा त्रासही होत नाही. माणसाच्या पोटात गेला की ताप, मुरडा, जुलाब, आणि आठवड्याभरात आराम. पण त्याच्या बाह्य आवरणातली काही साखरेची रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या रचनेसारखी दिसते. शरीराची संरक्षक फौज जिवाणूवर तुटून पडते आणि त्या झटापटीत चुकून आपल्याच नसांना झोडपून काढते. असे हजारातून साधारण एखाद्याच्याच बाबतीत घडते. पण हजार माणसे आजारी पडली तर तो एकजण कोणाच्या तरी घरातला असतोच. संख्याशास्त्रात एक ही संख्या फार लहान आहे. अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर ती तशी राहत नाही.

त्या दिवसांत आरोग्य खात्याने सूचना दिल्या: पाणी उकळून प्या, उघड्यावरचे व अर्धवट शिजलेले अन्न टाळा, कच्चे आणि शिजवलेले वेगवेगळे ठेवा. सूचना योग्यच होत्या. पण त्या घरात पोचेपर्यंत त्यांचे रूप बदलले. ‘कोंबडी खाऊ नका’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागले. आमच्या गल्लीतल्या एका वहिनींनी पनीरही बंद केले आणि भाजीला मात्र नळाखाली दोनदा जास्त धुवू लागल्या. गंमत अशी की संशय ज्या पाण्यावर होता त्याच पाण्याने भाजी धुतली जात होती! नांदेड गावातल्या ज्या मोठ्या विहिरीतून पाणी पुरवले जात होते त्यावर जलशुद्धीकरण केंद्राचे संस्कार होत नव्हते. होते ते फक्त क्लोरीन. आणि क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत किती पोचते हा प्रश्न पहिला रुग्ण सापडेपर्यंत कोणाला पडलेला नव्हता.

कच्च्या अन्नाची चर्चा सुरू झाली की आरोपी चुकीचा पकडला जाण्याची ही परंपरा जुनी आहे, आणि ती एकट्या पुण्याची नाही.

१९९१ साली दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात पटकी, म्हणजे कॉलरा, आला. एका वर्षात सव्वातीन लाखांच्या आसपास लोक आजारी पडले, जवळजवळ तीन हजार मेले. तिथला आवडीचा पदार्थ म्हणजे सेविचे, लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी. साहजिकच बोट तिच्याकडे गेले. मासेमारीचा धंदा बसला, आणि राष्ट्राध्यक्ष फुजिमोरी यांनी लोकांचे भय घालवण्यासाठी सर्वांसमक्ष सेविचे खाऊन दाखवले. राजकारणी माणसांना असे प्रयोग आवडतातच. कच्च्या मासळीचा वाटा त्यात नव्हता असे नाही, पण खरे दुखणे नळात होते. शहरांचे पाणी पुरेसे क्लोरीन न घालता सोडले जात होते आणि सांडपाणी थेट समुद्रात. आणखी एक मौज अशी की पटकीच्या जिवाणूला आंबट सोसत नाही, त्यामुळे लिंबात नीट मुरलेली मासळी नळाच्या पेलाभर पाण्यापेक्षा कदाचित कमीच घातक असेल.

दुसरी कथा २०११ च्या उन्हाळ्यातल्या जर्मनीची. ती आपल्या स्वयंपाकघराच्या फारच जवळची आहे. मे महिन्यात तिथे रक्ती जुलाबाची आणि मूत्रपिंडे निकामी होण्याची साथ आली. रुग्णांत धडधाकट, मध्यमवयीन बायकांची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी होती, म्हणजे नेमक्या प्रकृतीची काळजी घेणाऱ्या, सॅलड खाणाऱ्या बायका. हॅम्बुर्गच्या अधिकाऱ्यांनी स्पेनमधून आलेल्या काकड्यांना दोषी ठरवले. स्पेनच्या शेतकऱ्यांनी ट्रकच्या ट्रक काकड्या फेकून दिल्या. दोन आठवड्यांनी कळले की काकडी निर्दोष आहे. ई. कोलायचा तो जहाल प्रकार लोअर सॅक्सनीतल्या एका छोट्या शेतीकेंद्रात वाढवलेल्या मोडांतून आला होता. पुढे फ्रान्समध्ये बोर्दोजवळ काही लोक तशाच मोडांनी आजारी पडले तेव्हा दोन्हींचा दुवा जुळला: इजिप्तहून आलेले मेथीचे दाणे. आपली मेथी! जर्मनीत ३,८०० च्या वर लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक मेले. काकडी-टोमॅटोच्या शेतकऱ्यांसाठी युरोपीय संघाला २१ कोटी युरोंची भरपाई मंजूर करावी लागली.

मोडांचीच भानगड का होते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. कडधान्याला मोड आणायचे म्हणजे काय करायचे? रात्रभर भिजवायचे, फडक्यात गच्च बांधायचे, उबेला ठेवायचे. ऊब, ओल आणि आयते खाद्य! जिवाणूंची शेती करायची असती तर प्रयोगशाळेतही याहून वेगळे काही केले नसते. दाण्याच्या बारीक चिरेत शेतातले चार-दोन जिवाणू दडलेले असले तर दीड दिवसात त्यांचे लाखो होतात, आणि वरून धुतल्याने ते निघत नाहीत, कारण ते वर नसतात. १९९६ साली जपानमधल्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून हजारो मुले आजारी पडली तेव्हाही संशय मुळ्याच्या कोवळ्या मोडांवर गेला होता. अमेरिकेत लहान मुले, गर्भवती, म्हातारी माणसे आणि आजाराने खंगलेले लोक यांनी कच्चे मोड खाऊच नयेत असा अधिकृत सल्ला आहे.

आता आपल्याकडे पाहा. मोड आणण्यात मराठी बाईचा हात धरणारे कोणी नाही. मटकी, मूग, वाल, मसूर, हुलगे, सगळ्याला आपण मोड आणतो. पण त्याची उसळ करतो, मिसळ करतो, बिरडे करतो, म्हणजे ते रटरटून शिजवतो. कच्च्या मोडांची वाटी ही आपल्या परंपरेतली मुळीच नाही. ती आरोग्याच्या पुस्तकांतून आणि आहारतज्ज्ञांच्या तक्त्यांतून आली. माझे स्वतःचे मत सरळ आहे. मोड आलेले कडधान्य उकळीच्या वाफेवर पाच-सात मिनिटे चांगले गरम होऊ द्यावे. थोडे क जीवनसत्त्व जाईल, ते लिंबू पिळून भरून काढता येते. राजमा मात्र अर्धाकच्चा मुळीच चालत नाही, तिथे जिवाणूंचाही प्रश्न नाही. त्याच्यातच एक विषारी प्रथिन असते. चार-पाच कच्चे दाणेदेखील ओकाऱ्या काढायला पुरतात. भिजवून, पाणी टाकून, खळखळून उकळला की ते नष्ट होते. मंद आचेवर नुसता कोमट होत राहिला तर होत नाही.

वनस्पतींच्या स्वतःच्या विषाचा विषय निघालाच आहे तर दुधीचे सांगतो. रसाच्या गाड्यांवर त्याला इतका मान आहे की त्याच्याबद्दल वाकडे बोलले की लोक रागावतात. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा कडू रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने हा प्रश्न तपासला. काकडी, दुधी, दोडका, पडवळ या सगळ्या वेलांच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्ये असतात. किडी-गुरांपासून स्वतःला वाचवण्यासाठी वेलीने केलेली ती तजवीज आहे. लागवडीच्या दुधीत त्यांचे प्रमाण नगण्य असते, पण एखादे फळ अचानक कडूजहर निघते. तो रस पोटात गेला तर रक्ताच्या उलट्या होऊ शकतात, रक्तदाब कोसळू शकतो. आणि यावर उतारा नाही. समितीने सांगितले ते इतके साधे आहे की त्यासाठी समिती कशाला हवी असे वाटावे: रस काढण्याआधी फळाचा तुकडा चाखून पाहा, कडू लागला तर फेकून द्या, आणि दुधीच्या रसात दुसरे काही कडू मिसळू नका.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. दुधीच्या भाजीत कडू दुधी लपत नाही, पहिल्याच घासाला कळते आणि पानातून बाजूला जाते. पण कारले, कडुनिंब, आवळा असे सगळे एकत्र घोटले की कडवटपणा हे औषधाचे लक्षण ठरते आणि माणूस नाक दाबून पेला रिकामा करतो. निसर्गाने जिभेवर बसवलेला पहारेकरी आपण हाताने झोपवतो. आमच्या घरात काकडी चिरताना आई टोक कापायची, ते काकडीवर गोल गोल घासायची, फेस काढायची आणि मग एक चकती स्वतःच्या तोंडात टाकायची. घासण्याने कडूपणा जातो यावर माझा विश्वास नाही. पण ती चकती तोंडात टाकणे हीच खरी तपासणी होती, आणि ती घरोघरी रोज होत होती. शिजवल्याने हा कडूपणा जात नाही, तेव्हा कडू दुधीची भाजी करून ‘वाया कशाला घालवायचा’ हा काटकसरी विचारही नको.

कोकणातल्या वाचकांना ओल्या काजूचे वेगळे सांगायला नको. टरफलातल्या चिकाने ओठ-बोटे कशी सोलवटतात ते त्यांना लहानपणीच कळलेले असते. अळूच्या पानाने घसा खाजतो तो त्यातल्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. त्यासाठीच फतफत्यात चिंच आणि नीट शिजवणे. सुरणाचेही तेच. आपल्या पूर्वजांनी रसायनशास्त्र न शिकता हे सगळे घसा खाजवून घेऊन शोधून काढले.

धारोष्ण दुधाची गोष्ट थोडी नाजूक आहे, कारण तिथे अभिमान गुंतलेला आहे. कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून फेसाळ दुधाचा पेला तोंडाला लावण्याची जुनी रीत आहे. तालमीत वाढलेल्या माणसाला ‘दूध उकळून प्या’ म्हणणे म्हणजे त्याच्या मिशीला हात घालण्यासारखे. तरीही म्हणावे लागते. ब्रुसेलोसिस नावाचा जनावरांचा रोग आहे, त्यात गाई-म्हशींचे गर्भ गळतात. त्याचे जिवाणू दुधातून माणसात येतात आणि महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप, घाम, सांधे-कंबरेचे दुखणे मागे लावतात. हा ताप कित्येकदा टायफॉइड किंवा क्षय समजून भलत्याच औषधांनी हाताळला जातो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये लाळ्या-खुरकुताबरोबर या रोगाविरुद्धही लसीकरणाची मोहीम काढली, त्यात चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना लस टोचतात. म्हणजे रोग आहे हे सरकारला मान्य आहे. जनावरांचा क्षयही दुधातून येऊ शकतो. म्हैस सुदृढ दिसते, धार डोळ्यांदेखत काढली, भांडे लख्ख आहे, या तिन्ही गोष्टी खऱ्या असल्या तरी त्यातून हे कळत नाही.

दूध उकळण्याची आपली सवय ही भारतीय स्वयंपाकघराने सार्वजनिक आरोग्याला दिलेली मोठी देणगी आहे, आणि तिची कोणी दखल घेत नाही. गावात एखादी म्हैस पिसाळलेले कुत्रे चावून मेली की तिचे दूध प्यालेले अख्खे गाव इंजेक्शनसाठी रांगेत उभे राहते. ज्यांनी दूध उकळून घेतले त्यांना खरे तर त्या रांगेची गरज नसते. पिशवीतले दूध पाश्चराइज केलेले असते, ७२ अंशांवर पंधरा सेकंद, त्यामुळे ते तत्त्वतः तसेच प्यायला हरकत नाही. पण डेअरीपासून आपल्या दारापर्यंत ते किती वेळ उन्हात टेम्पोत पडून होते ते पिशवी सांगत नाही. आपल्या हवेत उकळणेच बरे.

अंड्यांबाबत तर कायदाच पुढे आला आहे. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर केरळने जानेवारी २०२३ मध्ये बंदी घातली. हैदराबादमध्ये मोमो खाऊन लोक आजारी पडले, एका बाईचा मृत्यू झाला, तेव्हा तेलंगणाने ३० ऑक्टोबर २०२४ रोजी वर्षभरासाठी बंदी घातली, आणि एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूनेही. कारण साल्मोनेला. अंडे फोडताना कवचावरची घाण आत मिसळते, मग त्याचे तेलात घुसळलेले मिश्रण गाडीवर दिवसभर उबते. पाश्चराइज केलेल्या अंड्याचे किंवा अंड्याविना केलेले मेयोनीज हा निराळा विषय. राहिला व्यायामशाळेतला मुलगा. त्याला जिवाणूंची भीती घालून उपयोग नाही, त्या वयात कोणी मरत नसते. त्याला हे सांगावे की शिजवलेल्या अंड्यातले सुमारे नव्वद टक्के प्रथिन अंगी लागते आणि कच्च्यातले जेमतेम निम्मे. सहा अंडी फोडून तो तीन अंड्यांचा फायदा घेतो आहे. हा हिशेब त्याला लगेच समजतो.

कच्च्यात सगळे सत्त्व आणि शिजवण्याने ते मरते, हा समजही अर्धवटच खरा आहे. क जीवनसत्त्व आणि फोलेट शिजवताना घटतात, हे बरोबर. पण गाजरातले कॅरोटीन थोड्या तेला-तुपात शिजवल्यावर अधिक शोषले जाते, टोमॅटोतले लायकोपिनही. गाजराचा हलवा करणाऱ्यांना यामुळे नैतिक बळ मिळत असेल तर मिळो.

आता कोबी. कोबीतला किडा मेंदूत जातो, ही कथा आपल्याकडे इतकी खोल रुजली आहे की कित्येक घरांत कोबी येणेच बंद झाले. फेफरे आलेल्या मुलाच्या मेंदूचे छायाचित्र काढले जाते, त्यात गोल डाग दिसतो, डॉक्टर म्हणतात न्यूरोसिस्टिसर्कोसिस. आईबाप चक्रावतात: ‘डॉक्टर, आमच्या घरात अंडेसुद्धा चालत नाही, डुकराचे मांस तर लांबच.’ तरीही हा रोग होतो, कारण त्याचा प्रवास वेगळा आहे. डुकराचे अर्धवट शिजलेले मांस खाणाऱ्या माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती विष्ठा शेतात, पाण्यात, किंवा न धुतलेल्या हातावर राहिली तर तिथून ती अंडी दुसऱ्याच्या पोटात जातात, आणि त्याच्या मेंदूत अळीची गाठ होते. तेव्हा कोबीत दिसणारी हिरवी अळी बिचारी निरपराध आहे. ती फार तर किळसवाणी आहे. जे मेंदूत जाते ते डोळ्यांना दिसत नाही, आणि ते कोबीइतकेच कोथिंबिरीवर, पालकावर, मुळ्याच्या पाल्यावर असू शकते. कोबीवर बहिष्कार टाकून आपण कोथिंबीर मात्र प्रत्येक पदार्थावर कच्ची भुरभुरतो.

म्हणजे आपण पुन्हा पाण्यापाशी आलो. मी मंडईत एका भाजीवाल्या मावशींना विचारले, ‘‘मावशी, ही कोथिंबीर कुठली?’’ त्या म्हणाल्या, ‘‘मार्केट यार्डातली, दादा.’’ ‘‘तसं नाही, पिकली कुठे?’’ ‘‘ते गाडीवाल्याला ठाऊक. तुम्हाला जुडी हवी का नको?’’ त्यांचे काही चुकले नाही. मार्केट यार्डाच्या पलीकडे भाजीचा माग लागत नाही. मेथीच्या दाण्याचा शोध घेत जर्मन अधिकारी इजिप्तपर्यंत पोचले. आपल्याला आपल्या जुडीचा माग हवेलीपर्यंतही काढता येणार नाही. शहरांचे सांडपाणी नदीत जाते, नदीचे पाणी खालच्या शिवारात जाते, आणि तिथली ताजी पालेभाजी पहाटे पुन्हा शहरात येते. मुंबईत रेल्वे रुळांच्या कडेला वर्षानुवर्षे जी हिरवीगार पालेभाजी दिसत आली तिच्या हिरवेपणाचे रहस्य प्रवाशांच्या नाकाला केव्हाच कळलेले आहे. पुण्यात मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी २०१६ साली जपानच्या मदतीने ९९० कोटींची योजना मंजूर झाली, ११ केंद्रे उभी राहायची होती. ठरलेली मुदत केव्हाच उलटून गेली. नदी सुशोभित करावी की शुद्ध, यावर वाद चालू असतो. भाजी त्या वादासाठी थांबत नाही.

घरात काय करावे हे सांगितले पाहिजे, कारण रविवारी सकाळी हे वाचणाऱ्यांच्या घरात दुपारी कोशिंबीर होणारच आहे. पालेभाजीची जुडी सोडून पान न्‌ पान वाहत्या पाण्याखाली चोळून धुणे, कोबीची वरची दोन-तीन पाने काढून टाकणे, गाजर-मुळा-काकडी सोलणे, यानेच बराच फरक पडतो. मीठ, व्हिनेगर, पोटॅशियम परमँगनेटचे गुलाबी पाणी यांनी जिवाणू काहीसे कमी होतात, कृमींच्या अंड्यांना मात्र त्याचे काही वाटत नाही. ती चोळण्यानेच निघतात. ज्या भागात पाण्याची शंका आहे तिथे शेवटचे धुणे उकळून गार केलेल्या पाण्याचे असावे. कोंबडी धुऊ नये असे पाश्चात्त्य देशांत सांगतात, कारण नळाच्या धारेने तिच्यावरचे जिवाणू ओट्याभर उडतात. आपल्याकडे दुकानातून रक्त-पिसांसकट येणारी कोंबडी न धुणे कोणाला पटणार नाही. मग निदान पातेल्यात बुडवून धुवावी, धार लावू नये, आणि त्याआधी कोशिंबीर चिरून झाकून बाजूला ठेवावी. विळी-सुरी एकच असेल तर क्रम फार महत्त्वाचा. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये, मग तो कितीही शुद्ध, रानातला, आजोळहून आलेला असो. त्यातल्या काही बीजाणूंपासून बाळाच्या आतड्यात विष तयार होऊ शकते. आजीबाईंना हे सांगायला घरात कोणीतरी धीर करावा लागेल. उसाच्या रसात रसापेक्षा बर्फाकडे पाहावे. खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर करण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ मध्ये आला. निळा बर्फ किती गाड्यांवर दिसला ते वाचकांनी आपापल्या नाक्यावर पाहावे. पांढरा दिसला म्हणजे तो पिण्याच्या पाण्याचाच असेल असे मात्र नाही.

हे सगळे करूनही एक गोष्ट मला खटकते. प्रत्येक साथीनंतर सूचनांची जी यादी निघते तिची अंमलबजावणी करणारी व्यक्ती एकच असते: घरातली बाई. पाणी तिने उकळायचे, गॅस तिने जाळायचा, पाने तिने चोळायची, आणि मूल आजारी पडले तर ‘नीट धुतली होतीस ना?’ हा प्रश्नही तिलाच. पाणी उकळणे हे महापालिकेचे काम घराघरांतल्या शेगड्यांवर वाटून देण्यासारखे आहे. दिल्लीत १९५५-५६ साली सांडपाणी जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडाशी शिरले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली, तेव्हा कोणत्या गृहिणीने काय धुवायला हवे होते? उलट, नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये टायफॉइडची नवी लस मुलांना सार्वजनिक मोहीम काढून दिली. जगात सरकारी पातळीवर असे पहिल्यांदाच झाले. महापालिका मनात आणतील तर काय करू शकतात त्याचा हा पुरावा आपल्याच राज्यातला आहे.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या टोकाला, म्हणजे आपल्या घरात, पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. ते मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. परीक्षानळीत पाणी घेऊन दोन थेंब टाकायचे, रंग पिवळा झाला की क्लोरीन आहे, नाही झाला की नाही. महापालिकेचे कर्मचारी तिला ओटी टेस्ट म्हणतात. जीबीएसच्या साथीनंतर आमच्या सोसायटीत टाकीच्या पाण्याची ही चाचणी दर आठवड्याला करून जिन्यापाशी फळ्यावर आकडा लिहायचा असा ठराव झाला. तीन महिने आकडे लिहिले गेले. मग फळ्यावर गणपतीच्या वर्गणीची यादी आली. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर पाण्याचा विषय सातवा आहे, पार्किंगच्या पट्ट्यांनंतर; मी तो दुसरा घ्यावा म्हणून सचिवांना चिठ्ठी दिली आहे.